मानधन आणि किल्ली

प्रौढांच्या वर्गात पहिल्या दिवशी लागतो तो चष्मा. पुस्तिका, पेन्सिल, हजेरीपट हे सगळं त्याच्यानंतर. चाळिशी उलटली की जवळचं अंधुक दिसू लागतं, हे सगळ्यांनाच होतं. पण जिला कधी वाचायची वेळच आली नाही तिला ते कळणार कसं? तांदळातला खडा बोटांना लागतो, सुईत दोरा नातवंडं ओवून देतात. मग पन्नाशीला टेकलेली बाई संध्याकाळी गोव्यातल्या एखाद्या पंचायतीच्या सभागृहात येऊन बसते, समोरच्या पानावर तिला मुंग्यांची रांग दिसते आणि ती पुस्तिका मिटून म्हणते, ‘म्हज्या तकलेंत हें वचना,’ माझ्या डोक्यात हे शिरत नाही. अनुभवी शिक्षिका अशा वेळी समजूत घालत बसत नाही. ती काडेपेटी किंवा बसचं तिकीट तिच्या हातात देते आणि हात लांब करून बघायला सांगते. हात लांब गेला आणि कपाळावरची आठी सैल झाली, की प्रश्न डोक्याचा नसून दीड-दोन नंबरच्या काचेचा आहे हे दोघींनाही समजतं. बाजारात तयार चष्मे मिळतात. पंधराजणींच्या वर्गात सात-आठ जणींना तो लागेल असं धरून चालावं. त्याचा खर्च कोणत्या योजनेच्या कोणत्या रकान्यात बसतो? बहुतेकदा तो शिक्षिकेच्या पर्सच्या रकान्यात बसतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. सभागृहातली ट्यूब असते मंचावर, भाषण करणाऱ्याच्या डोक्यावर. खाली बसलेल्यांच्या वहीवर त्यांच्याच हाताची सावली पडते. म्हणून वर्ग मंचाकडे तोंड करून न बसवता आडवा बसवायचा, उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना उजेड डावीकडून येईल असा. मग हात. विळी, कोयता, जाळं यांना सरावलेली मूठ पेन्सिलही मुठीतच धरते आणि इतकी दाबते की कागद फाटतो. पहिले आठ दिवस जाड पेन्सिल आणि मोठ्या चौकोनांची वही दिली तर हे सुटतं. शाळकरी मुलांची चाररेघी वही दिली तर तिसऱ्या दिवशी अर्धा वर्ग गळतो. सहीचा मोह आणखी वेगळा. सगळ्यांना आधी सही शिकायची असते आणि आठवड्यात ती येतेही, पण ते चित्र असतं. ‘सुनंदा’ काढणारीला त्यातला ‘न’ वेगळा करून दाखव म्हटलं की ती गडबडते. सही आली म्हणून वर्ग सोडणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि गळतीचा दोष हजेरीपटावर शिक्षिकेच्या नावाने पडतो.

गणिताची तर वेगळीच तऱ्हा. बाजारात मासळी विकणारी बाई पाचशेच्या नोटेतून तीनशे चाळीस वजा करताना वरच्या दिशेने मोजते: तीनशे चाळीस, साठ घातले की चारशे, वर शंभर. उत्तर एकशे साठ, पापणी लवायच्या आत. तीच वजाबाकी कागदावर मांडून ‘हातचा घे’ म्हटलं की ती अडते, कारण तिच्या रीतीत हातचा नावाची वस्तूच नाही. तिची रीत फळ्यावर मांडून दाखवायची आणि मग हातच्याकडे न्यायचं, याला दोन-तीन संध्याकाळी जातात. हे कौशल्याचं काम आहे. सातवीच्या वर्गावर बीएड झालेला शिक्षक उद्या इथे आणून उभा केला तर त्याला ते आपसूक येणार नाही.

हे सगळं एवढ्या बारकाईने लिहिण्याचं कारण असं, की या कामाला सरकारदरबारी जो शब्द आहे तो ‘मानधन’. आणि तेही असलं तर. मान आणि धन यांचा हा समास मोठा सोयीचा आहे. धन कमी पडलं तर मानाकडे बोट दाखवायचं, मान मागितला तर म्हणायचं की धन देतोच आहोत.

तासांचा हिशेब करून पाहावा. साक्षरता अभियानाच्या काळात तीन पुस्तिका पुऱ्या करायला सुमारे २०० तास धरलेले असत. गोव्याच्या खेड्यात हे २०० तास बसवायचे तर पंचांग बघावं लागतं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपल्यावर, साधारण ऑक्टोबरात वर्ग सुरू करायचा आणि फेब्रुवारीअखेर संपवायचा. मार्चात काजू सुरू होतो. मग सत्तरी-सांगे-काणकोणातली बायामाणसं पहाटे भाटात, म्हणजे काजूच्या बागेत, जातात ती दमून परततात, आणि मे संपेपर्यंत वर्गाचं नाव काढण्यात अर्थ नसतो. पुढे पाऊस, शेतं, पुन्हा चवथ. राहिले पाच महिने. गावची जत्रा आणि रविवार वगळून महिन्याला २० संध्याकाळी, प्रत्येकी २ तास: पाच गुणिले वीस गुणिले दोन, बरोबर २०० तास. एकही संध्याकाळ वाया न घालवता. योजना एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षात आखणाऱ्यांना हे गणित दिसत नाही. मंजुरी पावसाळ्यात येते, पुस्तिका डिसेंबरात पोचतात, आणि मार्चअखेर ‘उद्दिष्ट अपूर्ण’ असा शेरा पडतो. त्या शेऱ्याखालीही नाव शिक्षिकेचंच.

शिवाय कागदावरचे दोन तास म्हणजे दोन तास नव्हेत. वर्गाआधी वाड्यावर फेरी मारून चार घरी हाक द्यावी लागते, वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशीची शब्दपट्टी, विजेच्या बिलाची किंवा गृहआधार या गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेच्या अर्जाची प्रत तयार करणं, अर्धा तास. हजेरी, ॲपमध्ये नोंद, फोटो, दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे दोनाचे तीन झाले. ‘साक्षर भारत’ योजनेत प्रेरकाला, म्हणजे गावातलं साक्षरता केंद्र चालवणाऱ्याला, महिन्याला २,००० रुपये मिळत. तोच दर धरला तर कागदावरच्या ४० तासांना ताशी ५० रुपये पडतात, आणि प्रत्यक्षातल्या ६० तासांना ३३. पावतीची रक्कम ५,००० च्या वर गेली तरच तिच्यावर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. प्रेरकांच्या महिन्याच्या पावतीला तो लागतच नसे, तेवढीच बचत.

या मानधनाचा इतिहास पाहिला की उतार स्पष्ट दिसतो. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा केंद्र चालवणाऱ्या शिक्षकाला महिना ५० रुपये होते. ५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, त्यातून जिल्हाव्यापी मोहिमा निघाल्या आणि शिकवणारा ‘स्वयंसेवक’ झाला. रुपये गेले, दहा जणांमागे एक असं प्रमाण आलं. २००९ ला ‘साक्षर भारत’ने ग्रामपंचायतीमागे दोन प्रेरक आणले, २,००० रुपयांवर. ती योजना ३१ मार्च २०१८ ला थांबली आणि प्रेरक घरी बसले. किती राज्यांत त्यांचं मानधन महिनोन्महिने थकलेलं होतं ते त्या काळची वर्तमानपत्रं चाळली तरी कळतं. २००१ च्या जनगणनेनुसार प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या जिल्ह्यांसाठी ती योजना होती, त्यामुळे गोव्याचे तेव्हाचे दोन्ही जिल्हे तिच्या बाहेरच राहिले. मग २०२२-२३ पासून ‘उल्लास’, अर्थात नवभारत साक्षरता कार्यक्रम. पाच वर्षांसाठी १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद, पाच कोटी शिकणाऱ्यांचं लक्ष्य, आणि शिकवणारा पुन्हा पूर्ण स्वयंसेवी. ‘कर्तव्यबोध’ हा त्यातला शब्द. पन्नास रुपयांपासून निघून चव्वेचाळीस वर्षांत शून्यावर पोचलेला दुसरा कोणता पेशा असेल तर तो मला माहीत करून घ्यायला आवडेल.

गोव्यात यात आणखी एक पीळ आहे. ३० मे २०२५ ला, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. देशात मिझोरामनंतर दुसरं राज्य. ‘उल्लास’मध्ये ९५ टक्क्यांना पूर्ण साक्षरता मानतात. जाहीर झालं ते चांगलंच. पण काम संपलं असं एकदा कागदावर आलं की काम करणारा कागदावरून पुसला जातो. वास्तविक परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला त्यानंतर शिक्षकाची जास्त गरज असते. १५० गुणांची चाचणी, वाचन-लेखन-संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. एवढ्यावर थांबलं तर सहा महिन्यांत जोडाक्षरं विसरतात, वर्षभरात उरते ती सही. याला नवसाक्षराचं परत घसरणं म्हणतात आणि त्यावर एकच उपाय: वाचायला मजकूर आणि आठवड्यातून दोनदा कुणीतरी सोबत बसणारं. तो ‘कुणीतरी’ आता कोणत्या योजनेतला?

तसं पाहिलं तर गोव्यात प्रौढांना शिकवणारे अनेक प्रकारचे आहेत, आणि संघटनेची पहिली अडचण इथेच सुरू होते. एक, नियमित शाळेचा शिक्षक, ज्याच्यावर साक्षरतेचं सर्वेक्षण आणि वर्ग ही जादा जबाबदारी आलेली. त्याला पगार आहे, पण वेळ नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्या तीनच अशैक्षणिक कामांना जुंपता येतं, आणि कायद्याच्या परिशिष्टात त्याचे आठवड्याचे तास ४५ धरलेत, तयारीसकट. घरोघरचं साक्षरता सर्वेक्षण त्या तिन्हींत बसत नाही. दोन, कॉलेजचे विद्यार्थी आणि गावातले निवृत्त लोक, खरेखुरे स्वयंसेवक. तीन, शिवण, सौंदर्य, संगणक, खाद्यप्रक्रिया असे अल्प मुदतीचे वर्ग घेणारे, तासावर. चार, मुक्त विद्यालयाच्या परीक्षांना बसणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवणारे. पाच, झुआरीनगर, चिंबल, बायणा अशा ठिकाणी परप्रांतीय कामगारांना शिकवणारे, बहुधा एखाद्या संस्थेतर्फे. या पाचव्या वर्गात घरी कन्नड, कामावर हिंदी, बाजारात कोंकणी आणि बसच्या पाटीवर देवनागरी नाही तर रोमी, म्हणजे रोमन लिपी, अशी परिस्थिती असते. पुस्तिका कोणत्या भाषेतली घ्यायची हे ठरवणंच एक तयारी आहे आणि तिचे तास कुठेच मोजले जात नाहीत. पेडणे-सत्तरीकडे उलट. तिथे घरात कोंकणी बोलणारी बाई वर्तमानपत्र आणि देवळातली सूचना वाचायची म्हणून मराठी शिकायला मागते.

या सगळ्यांचा मालक कोण? इथेच गाडी अडते. पंचायत म्हणते आम्ही फक्त जागा देतो. संस्था म्हणते अनुदान आलं की देऊ. सरकारी खातं म्हणतं आमची नेमणूकच नाही, ते तुमचं आणि संस्थेचं. वाटाघाटी करायच्या तर समोर माणूस पाहिजे, आणि समोरची खुर्ची तिघेही एकमेकांकडे सरकवतात.

कायद्यातही हीच कथा, आणि तिचं मूळ गोव्यातच आहे. एका शाळेतल्या शिक्षिकेला १९७५ साली नोकरीवरून कमी केलं. तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. सरकारने प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवायला नकार दिला, म्हणाले शिक्षक हा कायद्यातला ‘कामगार’ नव्हे. गोवा, दमण व दीव सरकारविरुद्धचा तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै १९८८ मध्ये निकाल लागला: शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ असू शकतो, पण शिक्षक ‘कामगार’ नाही. त्याचं काम ना कारकुनी, ना तांत्रिक, ना अंगमेहनतीचं; शिकवणं हे उदात्त व्रत. देशभरात शिक्षकांची प्रकरणं आजही या निकालापाशी येऊन थांबतात. एखाद्याला थोर म्हणून दाराबाहेर उभं करायचं, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण सापडणं कठीण. त्याच शाळेचा शिपाई त्याच कायद्याने कामगार ठरू शकत होता.

दरम्यान गोव्याचा १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आला. मान्यताप्राप्त शाळांतल्या कर्मचाऱ्यांना बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणात जायची वाट झाली. पण सभागृहातला संध्याकाळचा वर्ग म्हणजे काही मान्यताप्राप्त शाळा नव्हे. म्हणजे शाळेच्या शिक्षकासाठी उघडलेलं दार प्रौढशिक्षकाला बंद, आणि कामगारांसाठीचं दार शिक्षक म्हणून बंद.

फटी मात्र आहेत, आणि त्या माहीत असाव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात विवादासाठी ‘कामगार’ची व्याख्या जवळपास जुन्याच वळणाची आहे, पण युनियन नोंदवण्यापुरती ती रुंद केली आहे: धंद्यात किंवा उद्योगात काम करणारे सगळे, आणि असंघटित कामगारही. नोंदणीला किमान सात जण लागतात; शिवाय त्या आस्थापनेतल्या कामगारांचे दहा टक्के किंवा शंभर, यांतला लहान आकडा. मालकाशी बोलणी करणारी एकमेव संघटना ठरायला ५१ टक्के सभासद हवेत. दुसऱ्या बाजूने याच संहितेत ‘उद्योग’ शब्दातून धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळल्यात, म्हणजे संस्थेच्या वर्गावर शिकवणाऱ्याची वाट पुन्हा अरुंद. अशांनी सोसायटी म्हणून नोंदणी करावी. तिथेही सात जण पुरतात. विवाद उभा करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, पण लेटरहेड, बँक खातं आणि पत्राला आवक क्रमांक मिळतो.

‘मानधन’ या शब्दालाही आता तडा गेला आहे. अंगणवाडी सेविकांना मिळतं ते मानधन नसून ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं वेतनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात म्हटलं. शिक्षकांना ग्रॅच्युइटीच नाही असा २००४ चा निकाल होता. तो २००९ च्या दुरुस्तीने पुसला गेला, तीही १९९७ पासून मागे जाऊन. आणि २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस केली होती. शिफारसच ती, पण मागणीपत्रात तिचा उल्लेख करायला पैसे पडत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. प्रौढशिक्षकांना स्टाफरूम नसते. कारखान्यातले कामगार गेटवर भेटतात, शाळेचे शिक्षक मधल्या सुट्टीत. संध्याकाळचा शिक्षक एकटा येतो, एकटा कुलूप लावतो. १९१ ग्रामपंचायतींत विखुरलेली ही माणसं एका जागी येतात ती वर्षातून मोजके दिवस: प्रशिक्षणाच्या दिवशी, परीक्षेच्या दिवशी, आणि बिलं किंवा अहवाल द्यायला भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात रांग लागते त्या दिवशी. संघटना बांधायची ती या तीन दिवसांत. प्रशिक्षणाला जेवणाच्या सुट्टीत नावं आणि फोन नंबर, परीक्षेला सभेची तारीख, बिलाच्या दिवशी सह्या. व्हॉट्सॲप ग्रुप आधी काढला तर त्यावर सुप्रभात आणि गणपतीचे फोटो येतात, सह्या येत नाहीत.

मागणीपत्र लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्या ओळीत रक्कम. रक्कम मागितली की तयार उत्तर येतं: ‘या लेखाशीर्षात तरतूद नाही.’ आणि ते खरंही असतं, त्यामुळे बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी पहिली मागणी नेमणुकीच्या पत्राची करावी. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून नाही म्हणायला कारण सापडत नाही. आणि त्या पत्रावर कोणाची सही येते त्यावरून मालक कोण ते आपोआप ठरतं. पत्रात वर्गाची जागा, सुरू आणि बंद होण्याची तारीख, आठवड्याचे तास, आणि ‘तास’ म्हणजे काय हे आलं पाहिजे. शंभर वर्गांच्या मागे तयारीचे पन्नास तास एवढं एक वाक्य त्यात घालून घेतलं तर पुढे दराची चर्चा सव्वापटीने सुरू होते. दुसरी मागणी तारखेची: मानधन कितीही असो, पुढच्या महिन्याच्या ठराविक दिवसाच्या आत. उशीर सहसा दुष्टपणाने होत नाही. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, ते प्रमाणपत्र संस्थेच्या लेखापालाच्या टेबलावर पडून असतं, आणि त्याच्याकडे अशा चार योजना असतात. म्हणून मागणी ‘वेळेवर द्या’ अशी मोघम न करता ‘प्रमाणपत्र तिमाही संपल्यावर दहा दिवसांत पाठवा आणि त्याची प्रत आम्हाला द्या’ अशी करावी. तिसरी, पट कमी झाला म्हणून मध्येच वर्ग बंद न करण्याची. पंधरावरून सातवर येणं हा गोव्यात मार्च महिन्याचा गुण आहे.

मग चष्मे, ट्यूब, रात्री परतण्याचा प्रवासखर्च आणि अपघात विमा. शेवटची बस साडेसातला जाते त्या गावात आठला वर्ग सुटणार असेल तर शिक्षिका घरी कशी जाते हा कामाच्या अटींचाच भाग आहे, तिचा खासगी प्रश्न नव्हे. दर सगळ्यात शेवटी यावा. तोपर्यंत समोरच्याने सात गोष्टींना मान हलवलेली असते आणि आठव्या गोष्टीला एकदम मान फिरवणं जड जातं.

बोलणीला जाण्यापूर्वी माहितीचा अधिकार वापरावा: १० रुपये, ३० दिवस. योजनेची मार्गदर्शक तत्त्वं, मंजुरीचा आदेश, आणि प्रशिक्षण-साहित्य-प्रवास या शीर्षांखाली आलेली व खर्च झालेली रक्कम, एवढंच मागायचं. न खर्चलेली रक्कम निघाली तर ‘तरतूद नाही’ हे वाक्य पुन्हा ऐकायला मिळत नाही. मागणीपत्र दोन प्रतींत न्यावं, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. तिघांनी जावं, एकाने बोलावं, एकाने लिहावं, तिसऱ्याने गप्प बसून साहेब कोणाकडे बघून उत्तर देतात ते पाहावं. बैठकीचं इतिवृत्त त्याच संध्याकाळी टाइप करून ‘आपल्यात असं ठरलं’ म्हणून पत्राने कळवावं. ‘साहेब सकारात्मक आहेत’ ही बातमी वर्तमानपत्रात येऊन गेली की कित्येक आंदोलनं विरघळतात, कारण सकारात्मकतेला आवक क्रमांक नसतो.

तासावर शिकवणाऱ्यांनी आणखी एक कागद तपासावा. पैसे देताना १० टक्के कर ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून कापला जात असेल तर देणाऱ्याच्या हिशेबात तुम्ही नोकर नसून सल्लागार आहात. मग भविष्यनिर्वाह निधी नाही, कामगार राज्य विमा नाही, रजा नाही. वेळापत्रक त्यांचं, जागा त्यांची, हजेरी त्यांची आणि करापुरते तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक, ही विसंगती लेखी दाखवून द्यावी. त्यासाठी वेळापत्रकाच्या आणि हजेरीच्या प्रती जपून ठेवाव्यात.

संप? मालकाला नोटीस देऊन तिची प्रत पणजीत पाट्टोवर श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, देता येते, संहितेप्रमाणे १४ दिवसांची. पण संध्याकाळचा वर्ग बंद पडल्याने कोणाचं उत्पादन थांबत नाही, बस अडत नाही. नुकसान होतं ते फक्त संध्याकाळी दार बंद पाहून परत फिरणाऱ्या बाईचं. केरळात साक्षरता प्रेरकांनी सचिवालयासमोर कित्येक आठवडे धरणं धरलं, तेव्हाही वर्गांपेक्षा ती जागाच बोलत होती. सरकारला वर्ग लागतात त्याहून आकडे जास्त लागतात: नोंदणी किती, परीक्षेला किती, उत्तीर्ण किती. म्हणून माझ्या मते या पेशाचं खरं बळ खोटी हजेरी न भरण्यात आहे. सातजणी आल्या तर सातच लिहायच्या. एकटीने असं केलं तर तिचा वर्ग ‘असमाधानकारक’ ठरतो आणि पुढच्या वर्षी दुसरी कोणी येते. तालुक्यातल्या चाळीसजणींनी एकाच महिन्यात खरा आकडा लिहिला, तर बैठक बोलवायला वरून फोन येतो. यात कायदा मोडत नाही, वर्ग बुडत नाही, आणि कॉलेजच्या स्वयंसेवक पोरांनाही सामील होता येतं. त्यांना फितूर ठरवायची गरज उरत नाही.

शिकणाऱ्यांनाही विसरू नये. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. पुस्तिका दोन झालेल्या बाईला सरपंचांच्या नावे चार ओळींचं पत्र लिहिता येतं, नव्हे तो अभ्यासाचा भागच असावा: सभागृहात मागच्या बाजूला दोन ट्यूब लावाव्यात, संध्याकाळी किल्ली वेळेवर मिळावी. शिक्षिकेने वर्षभर मागून न मिळालेली ट्यूब मतदाराने मागितली की महिनाभरात लागते.

किल्लीवरून आठवलं, नोंदवहीचं राहिलंच. हजेरीपट हा देणाऱ्याचा. शिक्षिकेची स्वतःची वेगळी वही हवी, दोनशे पानी, शिवलेली, सुट्या कागदांची नको. रकाने आडवे आखायचे: तारीख, घरून निघाल्याची वेळ, वर्ग सुरू, वर्ग बंद, घरी पोचल्याची वेळ, तयारीची मिनिटं, खिशातून गेलेले पैसे आणि कशावर. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही, खोडरबर नाही. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि शेजारच्या गावच्या शिक्षिकेची साक्षीदार म्हणून सही. शेवटचा रकाना बहुतेकजणी सोडून देतात, तो सोडू नये: किल्ली कोणाकडून घेतली, किती वाजता. पंचायतीचा शिपाई सहाला घरी जातो, किल्ली त्याच्या शेजाऱ्याकडे असते, शेजारी भजनाला गेलेला असतो. दाराबाहेर पायरीवर बसून काढलेली ती वीस मिनिटं वर्षाला तीसेक तासांवर जातात, आणि आजवर कोणत्याही बिलात ती आलेली नाहीत.